बिऱ्हाड कुठे टाकायचं?

माझ्या आईचं माहेर चांदूर बाजाराकडचं. त्यामुळे तंबूत राहणं म्हटलं की मला डोंगर किंवा समुद्र आठवत नाही, बहिरम आठवतं. परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, डिसेंबरच्या उत्तरार्धात बहिरमबुवाची यात्रा सुरू होते आणि जानेवारीभर चालते. आजोबांच्या काळात माणसं तिथे बंड्या जुंपून जात. बंडीत मटणाची हंडी, गोवऱ्या, वाकळा, बैलांसाठी कडबा आणि अर्धं गणगोत. राहुटी उभी करायची, तीन दगडांची चूल मांडायची आणि चार-सहा दिवस घर तिथेच. गाडगेबाबांनी कीर्तनांतून इथल्या पशुबळीवर कोरडे ओढले. बळी थांबले, हंडी आणि रोडगे मात्र राहिले.

आजोबा बंडी लगेच सोडत नसत. जू बैलांच्या मानेवर तसंच ठेवून ते आधी जागेभोवती एक फेरी मारायचे. टाचेने भुई दाबायची, धूर कुठल्या बाजूला जातोय ते पाहायचं, विहीर किती लांब ते नजरेने मोजायचं. "पाणी कोठून येते अन् कोठं जाते हे पाह्यल्याशिवाय बंडी सोडू नोको," असं ते मामाला सांगायचे. समोर डोंगर किती छान दिसतो, हे त्यांनी पाहिल्याचं आईला आठवत नाही.

मागच्या प्रकरणात आपण तंबू आणि कॅम्परव्हॅन कशी निवडायची ते पाहिलं. या प्रकरणात जागा. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: कुटुंब घेऊन निघालेल्या माणसाने देखावा हा निकष यादीत सगळ्यात शेवटी ठेवावा. फोनवरच्या फोटोत पाण्याकाठी उभा असलेला पिवळा तंबू दिसतो. तो तंबू रात्री दोन वाजता कसा असतो, ते फोटोत दिसत नाही.

धामणगाव रेल्वे या आमच्या गावी बसून हा विषय लिहिणं थोडं मजेशीर आहे. समुद्र आमच्यापासून महाराष्ट्राची बरीचशी रुंदी ओलांडून पलीकडे. तिकडे जायचं तर आतापर्यंत स्टेशनवर जाऊन मुंबईची गाडी धरायची, एवढाच मार्ग ठाऊक होता. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून गेला, त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ला खुला झाला, जून २०२५मध्ये शेवटचा टप्पा होऊन ७०१ किलोमीटर पूर्ण झाले, आणि कोकण एकाएकी एका दिवसाच्या पल्ल्यात आलं. राज्य सरकारने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. व्हॅन भाड्याने मिळू लागल्या. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्याकडे भटक्या माणसाला थोडी हिणवूनच वापरली जायची. आता तेच बिऱ्हाड दिवसाच्या भाड्याने मिळतं आणि त्यात फ्रिज असतो.

पण अमेरिकेत किंवा युरोपात कॅम्पग्राउंड म्हणजे जे असतं, ते इथे फारसं नाही. तिकडे आखलेली जागा, तिला क्रमांक, विजेचा खांब, पाण्याचा नळ, मैला रिकामा करण्याची सोय, सगळं आयतं. तिकडची मराठी कुटुंबं मोठी आरव्ही भाड्याने घेऊन योसेमिटीला जातात तेव्हा त्यांना अस्वलापासून अन्न वाचवायला पोलादी पेटीसुद्धा जागेवरच मिळते. आपल्याकडे जागा आपली आपण वाचावी लागते. म्हणून आजोबांची ती फेरी.

आधी आपल्या ओळखीच्या भुईपासून सुरू करू. काळी माती. कापसाला ती सोनं असली तरी बिऱ्हाडाला वैरीण आहे. हिवाळा संपता संपता तिला भेगा पडायला लागतात, आणि त्या भेगांतून खराखुरा विंचू येतो, साप येतो. अवकाळीची एक सर आली की तीच माती चाकाला अशी चिकटते की चाक आणि मडगार्ड यांच्यात फट उरत नाही. तीन-साडेतीन टनांची व्हॅन त्यातून ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. म्हणून आपल्या भागात बरड शोधायचं, मुरमाड शोधायचं. ज्या तुकड्यावर पऱ्हाटी कधी धड आली नाही, तिथे बिऱ्हाड छान लागतं.

धरणाच्या काठी हा फसवा खेळ आणखी वाढतो. मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाचं किंवा तिकडे बाभूळगावाकडच्या बेंबळाचं पाणी हिवाळ्यात मागे सरकतं. मागे राहते ती गाळपेराची जमीन. वरून पापडीसारखी सुकलेली, खाली लोण्यासारखी. दिसायला सपाट, मोकळी, पाण्याला लागून, म्हणजे अगदी फोटोतल्यासारखी. तंबूची लोखंडी खुंटी घेऊन ती हाताने दाबून पाहावी. हातोडीशिवाय वीतभर आत गेली तर तिथे गाडी न्यायची नाही. तंबूही नको, कारण रात्री ओल वर चढते आणि वाकळ सकाळी पिळावी लागते.

आता जंगल. आमच्यासाठी जंगल म्हणजे मेळघाट. तिथे जायचं तर धामणगाव रेल्वेवरून निघून अमरावती, परतवाडा आणि मग धामणगाव गढी. एका धामणगावातून निघालेला माणूस दुसऱ्या धामणगावातून घाट चढतो. वर चिखलदरा साधारण १,१०० मीटरवर. मेळघाट १९७४मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नवांपैकी एक. याचा सरळ अर्थ असा की इथे मनाला येईल तिथे पाल ठोकता येत नाही. राखीव जंगलात विस्तव पेटवायला १९२७च्या वन कायद्यानेच मनाई आहे, आणि १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरला जातो तेव्हा वनरक्षकांचे डोळे धुरावरच असतात. राहायचं ते वनविभागाने नेमून दिलेल्या ठिकाणी: सेमाडोह, कोलकास, अकोल्याच्या बाजूने नरनाळ्याच्या पायथ्याचं शहानूर. पुष्कळांना हे जाचक वाटतं. मला वाटत नाही. वाघाच्या घरात पाहुण्याने ओसरीवर झोपावं हे ठीकच आहे.

तरी जंगलालगतच्या गावांत, खासगी शेतात, आमराईत राहण्याची वेळ येतेच. तिथे झाडाची ओळख कामाला येते. सावली दिसली की आपण गाडी लावतो, पण कुठल्या झाडाची सावली? मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली कधीही नाही. रात्री मोहाची फुलं टपटप पडतात आणि ती खायला अस्वल येतं. मेळघाटातल्या कोरकू माणसाला वाघापेक्षा अस्वलाची धास्ती जास्त असते, कारण अस्वल समोरासमोर अचानक भेटतं आणि भेटलं की अंगावर येतं. वड-पिंपळाला फळं धरली असतील तर रात्रभर वटवाघळं आणि सकाळी तंबूवर त्यांचा प्रसाद. आंब्यावर पानं शिवून केलेली तांबड्या मुंग्यांची घरं आहेत का ते बघावं. आणि मान वर करून एकदा उंच फांद्या नीट पाहाव्यात. आग्या मोहोळ लटकत असेल तर त्या झाडाच्या आसपास चूलच काय, बिडीही पेटवू नये. धूर वर गेला की माश्या खाली येतात, आणि त्या मोहोळाखालच्या माणसांत कोण पाहुणा, कोण लहान मूल हा भेद करत नाहीत.

नाल्याची गोष्ट आजोबांच्या वाक्यात आलीच आहे, पण ती जरा जवळून पाहू. मेळघाटात खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या पाच नद्या, सगळ्या तापीला मिळणाऱ्या. हिवाळ्यात त्यांचे आणि त्यांना मिळणाऱ्या नाल्यांचे काठ म्हणजे वाळूचा मऊ गालिचा. झोपायला याहून चांगली जागा नाही असं वाटतं. तिथे उभं राहून काठावरच्या झुडपांकडे बघा. फांद्यांच्या बेचक्यांत वाळलेलं गवत, काटक्या, एखादी प्लास्टिकची पिशवी अडकलेली दिसेल. कधी कमरेएवढ्या उंचीवर, कधी डोक्याच्याही वर. तीच पुराची सही. गेल्या पावसाळ्यात पाणी तिथवर आलं होतं. वर डोंगरात सर कोसळली आणि तुमच्या डोक्यावर चांदणं असलं, तरी लोंढा येतो. त्या खुणेच्या वरच बिऱ्हाड टाकायचं, आणि त्या दिवशी आभाळ कितीही निरभ्र असलं तरी त्यात सूट नाही.

सूर्याचं गणित सोपं आहे, पण लोक तेच विसरतात. संध्याकाळी जागा बघताना आपण संध्याकाळची सावली बघतो. तंबूत तर आपण सकाळी असतो. झाड पूर्वेला हवं. नाहीतर फेब्रुवारीतही आठ वाजता तंबूची भट्टी होते आणि पोरं चिडचिडी उठतात.

हे सगळं वऱ्हाडातल्या माणसाच्या हाडात थोडंफार असतंच. शेतात जागलीला झोपलेल्याला वारा, ओल आणि रानडुक्कर यांची समज सांगावी लागत नाही. पण ही समज समुद्रावर पार निकामी होते, हे मी स्वतः भिजून शिकलो आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातला एक किनारा. आम्ही पाच जणं: मी, बायको, आई आणि दोन पोरं. संध्याकाळी साडेपाचला पोहोचलो. समुद्र लांब, वाळू घट्ट आणि सपाट, इतकी की धाकट्याने तिथे क्रिकेटची खेळपट्टी आखली. मी आजोबांसारखी फेरी मारली, टाचेने दाबलं, भुई पक्की. नाला नाही, चढ नाही, आभाळ स्वच्छ. तंबू ठोकले. पाठीमागच्या वाडीतले एक गृहस्थ शहाळी घेऊन आले, तंबूकडे पाहिलं आणि फार सभ्यपणे म्हणाले, "आज पौर्णिमा ना हो?" मी म्हटलं, "हो, चांदणं छान पडेल." ते म्हणाले, "चांदणं पडेलच. पण बाराच्या आत तुमच्या उशाशी पाणी असेल. वाळू घट्ट का आहे, माहीत आहे? ती रोज दोनदा भिजते."

मी हसलो. थोडा मान राखून तंबू दहा पावलं मागे घेतले, म्हणजे माझ्या मते पुष्कळ झालं. अकराच्या सुमाराला आईने उठवलं. तिची चप्पल तरंगत होती.

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी मला जे शिकवलं ते इथे देतो, कारण कुठल्याही ॲपपेक्षा ते लक्षात राहतं. तिथीची पाऊणपट करायची. जेवढे येतील तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. दुपारी तीनला भरती आणि पहाटे तीनच्या पुढेमागे पुन्हा. अष्टमीला आठ पाऊण सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर वद्य पक्षाची मोजणी पुन्हा एकपासून. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण झोपायची जागा ठरवायला पुरतो. त्याचं कारणही साधं: चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो, भरतीही त्याच्यासोबत उशिरा येते, आणि ५० मिनिटं म्हणजे पाऊण तासाच्या जवळपास. आमच्या आईला पाऊणकी तोंडपाठ. समुद्र पहिल्यांदा पाहणाऱ्या त्या बाईने दुपारपर्यंत वाडीतल्या बायकांना भरतीच्या वेळा सांगायला सुरुवात केली होती.

म्हणजे मी सव्वापाचची ओहोटी पाहून तंबू ठोकला होता, तीही पौर्णिमेची. अमावस्या-पौर्णिमेला आणि नंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं. पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत लांब जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा चढउतार कमी. हा चढउतार सगळीकडे सारखाही नाही. मुंबईत उधाणाला पाच मीटरच्या आसपास पाणी चढतं, खाली मालवणाकडे त्याच्या निम्म्यावर. नाल्याकाठी अडकलेलं गवत जे सांगतं, तेच किनाऱ्यावर सुकलेल्या शेवाळाची, शिंपल्यांची आणि काटक्यांची ओळ सांगते. अशा दोन ओळी दिसल्या तर वरची ती उधाणाची. बिऱ्हाड तिच्याही वर, जिथे वाळूवर वेली चढलेल्या असतात तिथून मागे.

मागे म्हणजे बहुतेक ठिकाणी सुरूचं बन लागतं. सुरूची सावली विरळ, खाली सुयांसारख्या पानांचा मऊ थर. झोपायला उत्तम, चुलीला वाईट, कारण तो थर भुरकन पेटतो. त्याच्यामागे नारळ-पोफळीच्या वाड्या. नारळाखाली तंबू नको, गाडीही नको. नारळ काही पडायची वेळ सांगून पडत नाही, आणि झावळी नारळाहून जड असते. खाडीच्या मुखाजवळची वाळूची जीभ दिसायला सगळ्यात सुंदर आणि राहायला सगळ्यात वाईट. ओहोटीला खाडीचं पाणी तिथून ओढीने बाहेर पडतं. पोरं पाण्यात उतरणार असतील, आणि पोरं उतरतातच, तर मुखापासून लांब राहावं. गणपतीपुळ्याच्या समुद्रात पट्टीचे पोहणारेही बुडाले आहेत, हे तिथले फलक उगाच सांगत नाहीत.

वाळूत खुंटी धरत नाही. पिशवीत वाळू भरायची, तिला दोरी बांधायची, हातभर खड्ड्यात पुरायची. वारा तंबू उचलत नाही. आणि वारा दोन प्रकारचा असतो. दिवसा समुद्रावरून येणारा खारा, रात्री उशिरापासून सकाळपर्यंत जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई. संध्याकाळी गार वाऱ्यासाठी तंबूचं तोंड समुद्राकडे केलं की पहाटे तंबूत हवा शिरत नाही. दोन्ही बाजूंनी दार असलेला तंबू घ्यावा, हे मागच्या प्रकरणात सांगितलं ते याचसाठी.

गाडी पुळणीवर न्यायचीच नाही. अनेक किनाऱ्यांवर बंदी आहे आणि जिथे पाटी नाही तिथे पाटी नाही म्हणून वाळू कमी ओली नसते. वेळाससारख्या किनाऱ्यांवर तर तंबू आणि दिवेही नकोत. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ती राखायला सुरुवात केली, आणि आता पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला माणसं येतात. वाळूतून निघालेलं पिल्लू उजेडाच्या दिशेने चालतं. त्याच्या लेखी सगळ्यात उजळ जागा म्हणजे समुद्र. मागे तुमच्या व्हॅनचा एलईडी जळत असेल तर ते रस्त्याकडे चालू लागतं. तिथे गावातल्या घरांत राहायची सोय असते. पिठलं-भाकरीऐवजी उकडीचे मोदक मिळतात, तक्रार काय करणार?

माझ्या अनुभवात कोकणात कुटुंबाला सगळ्यात मानवणारी जागा म्हणजे ना पुळण, ना डोंगराचा सडा. एखाद्या वाडीतलं मागचं अंगण. घराची विहीर, घराचा संडास, दोन मिनिटांवर समुद्र, आणि सांगितलं तर जेवणही. व्हॅन असेल तर तिथे काही गोष्टी फोनवरच विचाराव्यात. वाडीकडे जाणारी पाखाडी गाडीच्या रुंदीची आहे का? तिच्यावर आडवी वायर किंवा फणसाची फांदी किती उंचीवर आहे? व्हॅनचा एसी चालवायचा तर साधा पॉइंट पुरत नाही, पंधरा अँपिअरचा, अर्थिंग असलेला लागतो. गाडी सपाट उभी राहील का? पेल्यात पाणी घालून तो व्हॅनच्या ओट्यावर ठेवला की चढ कळतो. डोकं उताराला गेलं तर झोप येत नाही. थंडी म्हणून पेटती शेगडी तंबूत किंवा व्हॅनमध्ये घेऊन झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच माणूस नेतो. चिखलदऱ्याच्या जानेवारीत हा मोह फार होतो.

व्हॅनच्या संडासाचं पाणी कुठे सोडायचं, हा प्रश्न मालकाला आधी विचारावा, मागून नाही. त्यातलं निळं औषध वासाला मारतं तसंच घरच्या सेप्टिक टाकीतले जीवाणूही मारतं. एका रात्रीच्या पाहुण्याने यजमानाची टाकी वर्षभर तुंबवणं बरं नव्हे. औषधाशिवाय वापरायचं ठरवलं तर बहुतेक मालक हो म्हणतात.

म्हाताऱ्या माणसांसाठी आमच्या घरात आता एकच प्रश्न ठरलेला आहे, तो आईनेच ठरवला. मागच्या हिवाळ्यात दापोलीकडच्या एका वाडीत फोन केला. जागा, वीज, रस्ता, तिथी, सगळं विचारून झालं. शेवटी विचारलं, "व्हॅनपासून संडास किती पावलांवर?" पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "थांबा हं, मोजूनच सांगतो." फोन हातात तसाच धरून ते चालत गेले, पाचोळा वाजत होता, कुत्रं भुंकत होतं, कुणीतरी त्यांना काय झालं म्हणून विचारत होतं. "एकतीस," ते म्हणाले. "पण शेवटी तीन पायऱ्या आहेत, आणि मधली जरा उंच आहे. तुमच्या आईंचे गुडघे कसे आहेत?"

तिथेच गेलो. पोहोचलो तेव्हा मधल्या पायरीवर त्यांनी जांभ्याचा एक चिरा टाकून ठेवला होता.